अकॉस्टिक्स शिकून पोट भरतं का?

मिरजेहून एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "मॅडम, मी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, लहानपणापासून तबला वाजवतो. मला अकॉस्टिक्स शिकायचं आहे. आपल्याकडे याची पदवी कुठे मिळते आणि शिकून झाल्यावर पगार किती मिळतो? बाबा म्हणतात, त्यापेक्षा बँकेची परीक्षा दे."

आधी पदवीचं बघू. बारावीनंतर थेट अकॉस्टिक्सची, म्हणजे ध्वनिशास्त्राची, पदवी आपल्याकडे जवळजवळ नाहीच. पुण्या-मुंबईत या विषयावर घर चालवणाऱ्यांची शिक्षणं विचारलीस तर मेकॅनिकल, आर्किटेक्चर, इलेक्ट्रॉनिक्स, फिजिक्स, काहीही निघेल. मी मेकॅनिकलची. हा विषय कुठल्या तरी मूळ पदवीवर चढवावा लागतो, आणि ती कुठली आहे यावर कुठल्या दारातून आत शिरता येईल हे ठरतं. त्यामुळे "अकॉस्टिक्समध्ये पगार किती" याला एक आकडा नाही. गाडीचा आवाज कमी करणारा, पाणबुडीचा आवाज ऐकणारा, सभागृह बांधणारा आणि सिनेमाचं मिक्सिंग करणारा यांची आपसात ओळखही नसते. समीकरणं तीच, पण पैसे देणारा माणूस प्रत्येक ठिकाणी वेगळा.

पगाराचा अंदाज बांधायचा असेल तर प्रत्येक ठिकाणी एकच विचार: आवाज मोजल्याशिवाय कुणाचं काही अडतं का? जिथे अडतं तिथे नोकऱ्या आहेत आणि पगार वेळेवर होतो. जिथे आवाज ही हौस किंवा तक्रार असते, तिथे काम आहे पण पैशासाठी चपला झिजतात.

एकाच विषयावरच्या नियमांची दोन उदाहरणं देते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तुला माहीत असतील: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. पुण्यात विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी अभियांत्रिकीचे विद्यार्थी वर्षानुवर्षं आवाज मोजत आले आहेत, दुसऱ्या दिवशी पेपरात आकडे येतात, सगळे हळहळतात. यातून नोकरी किती जणांना लागली? जवळजवळ कुणालाच नाही, कारण आकडा जास्त आला म्हणून कुणाचा धंदा थांबत नाही. आता डिझेल जनरेटर बघ. १००० केव्हीएपर्यंतचा सेट असेल तर कॅनोपीपासून, म्हणजे त्याच्यावरच्या बंद पेटीपासून, एक मीटरवर ७५ डेसिबलच्या वर आवाज चालत नाही, आणि उत्पादकाला ते मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. प्रमाणपत्र नाही तर विक्री नाही. परिणाम असा की इंजिन कंपन्या, कॅनोपी बनवणारे कारखाने, मफलरचे पुरवठादार आणि चाचणी संस्था या सगळ्यांकडे आवाजाची माणसं पगारावर आहेत. पुणे पट्ट्यात तर बरीच.

गाड्यांचंही तसंच, फक्त पैसा जास्त. या शाखेला सगळे एनव्हीएच म्हणतात: नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून मोजतात आणि मर्यादेत बसल्याशिवाय मॉडेल बाजारात येत नाही. कायद्याच्या पलीकडे गिऱ्हाईकही आहे; दार बंद करताना "ठप्" आवाज नीट आला नाही तर लोक गाडीला पत्र्याचा डबा म्हणतात, आणि तो "ठप्" बसवायला माणसं कामाला असतात. इलेक्ट्रिक गाड्या आल्या तेव्हा अनेकांना वाटलं, आता एनव्हीएचवाल्यांचं काम संपलं. झालं उलटंच. इंजिनच्या आवाजाखाली झाकलेलं सगळं उघडं पडलं: टायर, वारा, मोटारीची कानात घुसणारी शिट्टी, एसीचा कॉम्प्रेसर. पुण्यात एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, जिच्यावरून वेताळ टेकडीला निम्मं पुणं एआरएआय टेकडी म्हणतं. तिची एनव्हीएच प्रयोगशाळा आहे. चाकण-पिंपरीचे कारखाने आहेत आणि परदेशी गाड्यांचं काम इथे बसून करणारी अभियांत्रिकी केंद्रं आहेत. मेकॅनिकलमधून एम.टेक. करून आलेल्या मुलांना गेल्या दोन-तीन वर्षांत सुरुवातीला वर्षाला सहा ते दहा लाखांच्या आसपास मिळताना मी बघते आहे. आठ-दहा वर्षांनी वीस लाखांच्या पुढे गेलेले ओळखीचे आहेत. आकडे ढोबळ धर, पण या क्षेत्रात पगारी नोकरी म्हणून हाच रस्ता सगळ्यात भरवशाचा.

तुझी अडचण इथेच येते. एनव्हीएचच्या जाहिरातीत "बी.ई. मेकॅनिकल" लिहिलेलं असतं आणि फिजिक्सचा अर्ज बहुतेक वेळा पहिल्या चाळणीतच उडतो. सिग्नल प्रोसेसिंग उत्तम येत असेल तर चाचणीच्या उपकरणांच्या आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्या फिजिक्सवाल्याला घेतात. ते दार अरुंद आहे, पण आहे.

आता माझं स्वतःचं काम, इमारतींचं. यावर जरा जास्त लिहिते, कारण फिजिक्सच्या मुलाला हे सगळ्यात लवकर जमतं. मुळात हे शास्त्र उभं केलं तेच फिजिक्सच्या माणसाने. १८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना, म्हणून ते काम वॉलेस सबाइन या तरुण शिक्षकाकडे आलं. त्याने ऑर्गनची एक नळी, स्टॉपवॉच आणि दुसऱ्या नाट्यगृहातून रात्री उचलून आणलेल्या गाद्या घेऊन महिनोन् महिने मोजमाप केलं आणि सूत्र काढलं: खोलीतला आवाज विरायला लागणारा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो किती आवाज गिळतो तो अंश, म्हणजे शोषणांक). सव्वाशे वर्षांनीसुद्धा माझ्या ऑफिसातला नवा मुलगा पहिल्या आठवड्यात हेच करतो.

एक हिशेब करून दाखवते. शाळेचा वर्ग, ९ बाय ७ मीटर, उंची साडेतीन मीटर. घनफळ सुमारे २२० घनमीटर. जमीन, छत, भिंती मिळून २३८ चौरस मीटर. सगळीकडे प्लास्टर आणि टाइल्स, म्हणजे शोषणांक सरासरी ०.०४ धर. एकूण शोषण साडेनऊ. सूत्रात घातलं की रिकाम्या वर्गाचा वेळ येतो ३.७ सेकंद. एक शब्द विरायच्या आत बाईंचे पुढचे सात-आठ शब्द त्यावर येऊन आदळतात. मागच्या बाकावरची मुलं "लक्ष देत नाहीत" त्यातलं बरंचसं हे असतं. आता फक्त छताला ०.७ शोषणांकाच्या मिनरल फायबरच्या टाइल्स लाव. शोषण ५१ वर जातं आणि वेळ ०.७ सेकंदावर येतो. वर्गाला तेवढाच हवा असतो. हे तू आज बारावीच्या मुलालाही शिकवू शकशील. मग लोक मला पैसे कशाचे देतात? हे छताच्या टाइल्स ठरायच्या आधी कुणीतरी सांगावं लागतं, आणि आपल्याकडे ते सांगायला सल्लागाराला बहुतेक वेळा फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर बोलावतात.

दुसरी गोष्ट पुस्तकात मिळत नाही. एका सोसायटीत पहिल्या मजल्यावरच्या घरात रात्री गुणगुण ऐकू यायची. घरातल्या आजींना झोप लागेना. इंटिरिअरवाल्याने बेडरूमच्या भिंतींना महागडी फोमची पॅनेल चिकटवली होती. फरक शून्य, कारण फोम खोलीतला आवाज शोषतो, भिंतीतून येणारा अडवत नाही. अडवायला वजन लागतं किंवा वाट तोडावी लागते. मीटरवर आकडा आला ३१ डेसिबल, म्हणजे नियमात आरामात बसणारा. सोसायटीचे चेअरमन खूश, "बघा मॅडम, काहीच नाहीये." पण तो आकडा ए-वेटेड असतो, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर कमी धरून काढलेला, आणि ए-वेटिंग १०० हर्ट्झला जवळपास १९ डेसिबल कापतं. पट्ट्यांमध्ये फोडून बघितलं तर नेमका १०० हर्ट्झला सुळका. वीज ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून गुणगुण १०० ची. खाली तळमजल्यावर ट्रान्सफॉर्मर थेट स्लॅबवर बोल्टने आवळलेला होता. बेडवर झोपल्यावर उशीतून ऐकू येतं आणि उभं राहिलं की कमी होतं, असं आजी म्हणत होत्या. निदान निम्मं तिथेच झालं होतं. खाली रबराचे पॅड आणि बसबारला (वीज वाहून नेणाऱ्या जाड धातूच्या पट्टीला) लवचीक जोड बसवल्यावर प्रश्न मिटला. खर्च पॅनेलच्या निम्म्याहून कमी.

हे काम मला बेहद्द आवडतं. पगाराचं मात्र स्पष्ट सांगते. अकॉस्टिक सल्लागाराच्या ऑफिसात नव्या मुलाला महिना पंचवीस ते चाळीस हजार मिळतात, मुंबईत थोडे जास्त. पाच-सहा वर्षांत, रिपोर्टवर स्वतःच्या हिमतीवर सही करण्याइतका तयार झालास, की सत्तर हजार ते लाखाच्या घरात. बँकेतला तुझा मित्र तोवर पुढे गेलेला असेल, बाबांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. पुढे स्वतःचं ऑफिस काढलंस तर चित्र बदलतं. मग मर्यादा तुझ्या ओळखी आणि वसुलीची. वसुली हा शब्द मुद्दाम लिहिला. बिल्डरकडून शेवटचा हप्ता काढणं ही वेगळीच विद्याशाखा आहे. शिवाय क्लास वन दर्जाचं मीटर आणि कॅलिब्रेटर घ्यायला काही लाख रुपये आधी घालावे लागतात, आणि कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र जुनं झालं असेल तर समोरचा वकील रिपोर्टच्या चिंध्या करतो. काम वाढतंय हे नक्की: मेट्रो, डेटा सेंटर, हॉस्पिटलं, ग्रीन बिल्डिंगचं रेटिंग. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत ध्वनिरोधाचा स्वतंत्र विभाग आहे. तो सक्तीने तपासला जाऊ लागला तर आमच्या धंद्याचा पगार एका रात्रीत वाढेल. अजून तसा तपासला जात नाही.

सरकारी संशोधनाची वाट फिजिक्सवाल्याला खरंच मोकळी आहे आणि मिरजेत बसून कुणी ती सांगत नाही. पाण्याखाली प्रकाश आणि रेडिओ लांब जात नाहीत, आवाज जातो. म्हणून नौदलाला सोनार लागतं आणि कोचीला डीआरडीओची एनपीओएल ही प्रयोगशाळा तेच काम करते. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे आवाजाने समुद्राचा तळ वाचतात. चेन्नईला एनआयओटी ही समुद्र तंत्रज्ञानाची संस्था, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ध्वनिमापनाची देशाची मानकं सांभाळतात. सायंटिस्ट बी म्हणून लागलास तर मूळ वेतन ५६,१०० रुपये आणि त्यावर भत्ते. संशोधनाकडे जायचं तर नेट-जेआरएफची फेलोशिप महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं. यासाठी एम.एस्सी., आणि गेट किंवा नेटमध्ये चांगला क्रमांक लागतो. तेलाच्या शोधात जमिनीत लहरी सोडून प्रतिध्वनी वाचणारे भूभौतिकतज्ज्ञही याच कुळातले, तेही डोक्यात ठेव.

लवकर कमवायची गरज असेल तर अल्ट्रासोनिक टेस्टिंग. वेल्डिंगच्या आतली भेग दोन ते पाच मेगाहर्ट्झच्या लहरींनी शोधायची. काही आठवड्यांचा कोर्स, परीक्षा, थोडा अनुभव, की लेव्हल टूचं प्रमाणपत्र हातात. फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये सुरुवातीला पंधरा-वीस हजारच मिळतात, धूळ आणि ऊन फुकट. पण हेच प्रमाणपत्र घेऊन आखातात गेलेली बी.एस्सी.ची मुलं घरं बांधून परतलेली आहेत. याला कुणी अकॉस्टिक्स म्हणत नाही. आहे मात्र शुद्ध अकॉस्टिक्स.

स्टुडिओ आणि सिनेमा. तबलजी असल्यामुळे तुझं मन तिकडे ओढत असणार. पुण्यातल्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, कोलकात्याला सत्यजित राय संस्था आहे. दोन्हींना फिजिक्सची पदवी चालते पण जागा मोजक्या. रसूल पूकुट्टी एफटीआयआयचेच, २००९ चं ऑस्कर त्यांना ध्वनिमिश्रणासाठी मिळालं, आणि दरवर्षी ते नाव सांगून खासगी संस्था लाखो रुपयांचे साउंड इंजिनिअरिंगचे कोर्स विकतात. ते कोर्स कर्ज काढून करू नकोस. सहायकाला अंधेरीत पहिली दोन वर्षं जे मिळतं त्यात अंधेरीत राहता येत नाही. ज्यांना जमतं त्यांना छान जमतं, पण ते पगाराचं क्षेत्र नाही, ओळखीचं आहे. ऑडिओलॉजी, म्हणजे ऐकण्याच्या दोषांची तपासणी, हा चांगला पेशा आहे, फक्त त्याला बारावीनंतरची वेगळी पदवी लागते, म्हणजे तुला पुन्हा पहिल्यापासून.

राहिला तबला. चामड्याच्या पडद्याला खरं तर सूर नसतो. त्याचे स्वरांश, म्हणजे एकाच थापेतून निघणारे वेगवेगळे सूर, मूळ सुराच्या पूर्ण पटीत येत नाहीत. शाईच्या थरामुळे ते पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये मांडलं आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर दाखवलं. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी तंबोऱ्याच्या घोडीवरही (तारा टेकतात त्या पट्टीवर) लिहिलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुझ्या गावातले कारागीर जवारी लावताना घोडीची जी गोलाई कानाने ठरवतात तिच्यावर आजही शोधनिबंध निघतात. पण यावर नोकरी नाही. वाद्यांचं ध्वनिशास्त्र करायचं तर पीएच.डी. आणि प्राध्यापकी, किंवा आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी संगीताच्या संगणकीय विश्लेषणाचं काम. तिथे संगीत हे तुझं जास्तीचं भांडवल ठरेल, पण आधी कोडिंग यायला हवं.

परदेशाचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये सदम्प्टन आणि सॅलफर्ड, स्वीडनमध्ये चाल्मर्स, जर्मनीत आखेन, अमेरिकेत पेन स्टेट ही या विषयाची जुनी घरं. तिथे फिजिक्सच्या मुलाला कुणी नाक मुरडत नाही. दोन गोष्टी आधी तपास. आपली तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं पुरेशी धरत नाहीत, त्यामुळे चौथं वर्ष किंवा एम.एस्सी. करून जाणं शहाणपणाचं. दुसरं, इंग्लंडमध्ये कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची अट जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली आहे, नवख्यांना सवलत धरून ३३,४००. नव्या अकॉस्टिक सल्लागाराचा सुरुवातीचा पगार पुष्कळदा याच रेषेच्या आसपास किंवा खाली असतो. घरावर कर्ज काढून जाण्याआधी बाबांना हा हिशेब कागदावर मांडून दाखव. जर्मनीत फी बहुतेक ठिकाणी नाममात्र, पण भाषेशिवाय नोकरी अवघड.

तू माझा भाचा असतास तर मी म्हटलं असतं: एम.एस्सी. फिजिक्स कर, विद्यापीठ असं निवड जिथे प्रकल्पासाठी ध्वनी किंवा सिग्नलवर काम करणारा एक तरी मार्गदर्शक असेल. सोबत गेट आणि नेट दे. पायथॉन शीक, एफएफटी (आवाज त्याच्या वेगवेगळ्या वारंवारितांत फोडायची गणिती रीत) पाठ न करता समजून घे. दोन उन्हाळ्यांत एकदा सल्लागाराकडे आणि एकदा प्रयोगशाळेत इंटर्नशिप कर. मग कुठलं दार आपलं हे तुझं तुलाच कळेल. बँकेची परीक्षा द्यायलाही हरकत नाही, अर्ज भरून ठेव.

मुलाखतीत मी सगळ्यांना एक प्रश्न विचारते: एका खोलीत ८० डेसिबलचं एक यंत्र आहे, शेजारी तसंच दुसरं सुरू केलं, किती झाले? १६० म्हणणारा तिथेच संपतो, कारण डेसिबल सरळ बेरजेने वाढत नाहीत. ८३ म्हणणारा पास. "दोन्ही यंत्रं कुठे आहेत आणि मीटर कुठे धरलंय?" असं उलट विचारणारा मला हवा असतो, आणि तो कुठल्या पदवीचा आहे याने मला काही फरक पडत नाही.

इंटर्नशिपसाठी मेल करायचा तर फेब्रुवारीतच कर, मेमध्ये जागा भरलेल्या असतात. "मला या क्षेत्राची प्रचंड आवड आहे" असे मेल रोज येतात आणि न वाचता पडून राहतात. त्यापेक्षा कॉलेजच्या सभागृहात फुगा फोडून मोबाइलवर ध्वनिमुद्रण कर, आवाज विरायचा वेळ काढ, सबाइनच्या सूत्राने आलेल्या उत्तराशी ताडून बघ. दोन्ही जुळणार नाहीत. का जुळले नाहीत ते दोन पानांत लिही आणि मेलला जोड.